आग्रहाचे वेगळे पैसे

जहाजाची तिकिटं काढायला आम्ही जबलपूरला नेपियर टाउनमधल्या एजंटकडे गेलो, तेव्हा चारचौघं विचारतात त्यातलं भाऊजींनी काहीच विचारलं नाही. खोलीला खिडकी आहे का, उलट्या झाल्या तर डॉक्टर आहे का, काही नाही. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "खाने में आग्रह करते हैं क्या?"

एजंट बिचारा भला माणूस. म्हणाला, "अंकल जी, बुफे है. दिन-रात चालू. जितना मर्जी खाओ, सब टिकट में आ गया."

"वो ठीक है. पर कोई कहेगा क्या, कि और लो?"

"अपने हाथ से लेना है, अंकल जी."

भाऊजींनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "वहिनी," ते मला म्हणाले, "पैसे देऊन उपाशी मरायला चाललो आपण."

भाऊजी म्हणजे शंकरराव उमाळकर. विजय नगरात आमच्या भिंतीला त्यांची भिंत. माझे ते कोणी सख्खे दीर नाहीत. त्यांची बायको शालूताई माझी जिवाची मैत्रीण, म्हणून ते भाऊजी. सगळी नोकरी तोफांच्या फॅक्टरीत केली. तिथं नेमकं काय करायचे ते कधी सांगितलं नाही, सरकारी गुपित म्हणायचे. पण त्यांचं खरं काम कोणापासून लपलेलं नव्हतं. भाऊजींचं खरं काम म्हणजे लोकांना नको असताना वाढणं.

गणपतीच्या महाप्रसादाला पंगत बसली की भाऊजी धोतराचा काचा मारून, श्रीखंडाचं पातेलं घेऊन निघायचे आणि पंगतीत धडकी भरायची. लोक ताटावर हात आडवा धरायचे. भाऊजी त्या हाताकडे प्रेमानं पाहायचे आणि बोटांच्या फटीतून श्रीखंड सोडायचे. नागपूरहून आलेल्या एका पाहुण्यानं तर ताट उचलून पाठीमागे लपवलं. भाऊजी मागून गेले.

त्यांचा सिद्धांत होता. "पहिलं नको भिडेचं असते, वहिनी. दुसरं नको रितीचं असते. तिसऱ्यांदा नको म्हटलं तं मग आपण विचार करायचा." विचार करायचे आणि वाढायचे. सिलिंडर घेऊन येणाऱ्या भैयाला ते खोव्याची जिलबी खाल्ल्याशिवाय फाटकाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. टंचाईच्या दिवसांत अख्ख्या गल्लीत पहिलं सिलिंडर कोणाकडे यायचं, हे काय सांगायला पाहिजे? साखर वाढली म्हणून डॉक्टर त्यांना दटावायला घरी आले, तर दोन पुरणपोळ्या खाऊन, वर तूप चांगलं होतं असं सांगून गेले.

आणि दुसऱ्याला एवढं खाऊ घालणारा हा माणूस स्वतः मात्र कधी काही मागून घ्यायचा नाही. "जेवताना मागायचं असते काय?" ते म्हणायचे. "जेवताना नको म्हणायचं असते."

शालूताई होती तोवर हे सगळं झकास चाललं. मी त्यांच्याकडे बसलेली असले की रोजचा तमाशा पाहायला मिळायचा. भाऊजी म्हणायचे, "बस, आता नको." शालूताई स्वयंपाकघरातून पोळी घेऊन यायची. "नको म्हटलं ना!" पोळी ताटात. "अगं, ऐकू येत नाही काय तुले?" वर भाजी. मग भाऊजी कपाळाला हात लावून सगळं चाटूनपुसून खायचे आणि म्हणायचे, "ही बाई मला मारून राहील."

मागच्या वर्षी शालूताईच गेली. साध्या तापाचं निमित्त झालं.

त्यानंतर भाऊजी वाळायला लागले. शर्टाची कॉलर गळ्याभोवती फिरायला लागली. मी जेवायला बोलावलं की यायचे, पण आले की पाटावर बसतील तर शपथ. माझ्या हातातून डाव घ्यायचे आणि आमच्या ह्यांना वाढत सुटायचे. आमचे हे फुगले, भाऊजी सुकले. डबा पाठवला तर तो स्कूटरवर टाकून गढा मोहल्ल्यातल्या एका जुन्या दोस्ताकडे न्यायचे आणि त्याला समोर बसवून खाऊ घालायचे. डबा घासूनपुसून परत यायचा, वर "फार छान झालं होतं" म्हणून दोस्ताचा निरोप. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यांचा मुलगा बंगळुरात. चांगला आहे पोरगा, उगीच का खोटं बोलू? महिनाभर बापाला घेऊन गेला, तर भाऊजी तिथून आणखीच बारीक होऊन आले. मग त्यानंच हा जहाजाचा बेत काढला. मुंबईहून निघायचं, समुद्रातून फिरून यायचं, सोबतीला आम्ही दोघं. फोनवर मला म्हणाला, "काकू, मेरा मतलब, बाबांना फिरवायचं नाहीये. बाबांना खिलवायचं आहे. कसंही करा." आता एवढं म्हटल्यावर मी काय समुद्र पाहायला जाणार होते? मी भाऊजींना जेवताना पाहायला चालले होते.

जहाज काय होतं म्हणता! आम्ही भेडाघाटच्या नावेत बसणारी माणसं; इथं आख्खं विजय नगर पाण्यावर ठेवून दिलेलं. आणि जेवणाचा हॉल पाहून तर आमचे हे जागीच उभे राहिले. इकडे डोसे, तिकडे पराठे, मधे नुसत्या गोडाची रांग. ह्यांनी तीन प्लेटा भरल्या. भाऊजींनी वाटीभर दहीभात घेतला आणि एका कोपऱ्यात जाऊन बसले.

मी म्हटलं, "भाऊजी, थोडी भाजी आणू?"

"नको नको, तुम्ही बसा वहिनी," म्हणत स्वतःच उठले. मला वाटलं, चला, लागली भूक. तर हे बाप्पा शेजारच्या टेबलाशी! तिथं सुरतेचं एक मोठं कुटुंब जेवत होतं आणि त्यातल्या आजोबांची वाटी रिकामी होती. भाऊजींना रिकामी वाटी दिसली की संपलं. गुलाबजामाच्या भांड्यातला मोठा चमचाच ते उचलून घेऊन आले. आजोबा "ना, ना" म्हणाले. पहिलं नको भिडेचं. दुसऱ्या नकोला दोन पडले. अर्ध्या तासात भाऊजींनी चार टेबलं काबीज केली. लोक हसून राहिले, हात आडवे धरून राहिले, खाऊन राहिले.

तेवढ्यात पांढऱ्या गणवेशातले एक साहेब लगबगीनं आले. "सर, गेस्ट को सर्व करना अलाउड नहीं है."

भाऊजींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आपने कुछ खाया?"

"सर, मैं ड्यूटी पर हूँ."

"ड्यूटी वाले को भूख नहीं लगती क्या?"

"नो सर, थँक यू सर."

"अच्छा, आधा."

"सर, प्लीज..."

तिसऱ्या नकोनंतर साहेब उभ्या उभ्या गुलाबजाम खात होते आणि सुरतेचं अख्खं कुटुंब टाळ्या वाजवत होतं. काय सांगू, माझी छाती अशी फुगली! दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आम्ही गेलो तर चार टेबलं "अंकल, इधर!" म्हणून ओरडत होती. जबलपूरच्या माणसानं जहाज जिंकलं होतं.

पण आदल्या दिवशी, टाळ्या थांबल्यावर मी परत आमच्या टेबलाशी आले तेव्हा भाऊजींचा दहीभात तसाच होता. वरून वाळलेला.

तेव्हाच मी ठरवलं. वरच्या मजल्यावर एक स्पेशल रेस्टॉरंट होतं, इटालियन. तिकिटात धरलेलं नाही, वेगळे पैसे. मी ह्यांना म्हटलं, आज तिथं जेवायचं.

हे उसळलेच. "डोकं फिरलं काय तुझं? खाली फुकटात अन्नाचा समुद्र वाहून राहिला आणि वर जाऊन पैसे द्यायचे? सासुरवाडीला जाऊन हॉटेलात जेवण्यासारखं आहे हे!"

"खाली भाऊजींच्या हाताला चमचा लागतो," मी म्हटलं. "वर आणून वाढतात. उठू देत नाहीत. मी जेवणाचे नाही, त्यांना खुर्चीत बसवायचे पैसे देऊन राहिले."

ह्यांनी तोंड वाकडं केलं, पण इस्त्रीचा शर्ट घातला.

वर सगळं मंद, शांत. पांढऱ्या चादरी, मेणबत्त्या. पेमा नावाची एक गोड पोरगी आली, सिक्कीमची. तिनं भाऊजींची खुर्ची ओढून दिली, मांडीवर रुमाल पसरला. भाऊजी सवयीनं उठायला गेले तर म्हणाली, "सर, आप बैठिए." आणि भाऊजी बसले! मी मनातल्या मनात सत्यनारायण बोलले.

पहिल्यांदा पास्ता आला. ताट परातीएवढं आणि पास्ता मुठीएवढा. आमचे हे मला ऐकू येईल इतपत पुटपुटले, "घ्या, हे वेगळ्या पैशांचं." मग पेमा एक किसणी आणि चीजचा दगड घेऊन आली. "सर, मैं डालती हूँ, बस हो जाए तो बोलिएगा."

पहिला कीस पडायच्या आत भाऊजी बोलले, "बस, बस."

पेमा थांबली. किसणी उचलली आणि गेली.

भाऊजींनी मान वर करून तिच्या पाठीकडे पाहिलं. थोड्या वेळानं ती गरम पावांची टोपली घेऊन आली. "और ब्रेड, सर?" "नहीं बेटा, हो गया." "शुअर सर," आणि टोपली परत. इतक्या अदबीनं ती ऐकत होती की बोलायची सोय नाही. भाऊजींनी काटा खाली ठेवला आणि रुमालाची घडी घालायला घेतली. पास्ता अर्धा तसाच. पैसे गेले ते गेले, आता भाऊजी उठणार, हे मला दिसलं आणि मीच उठले.

पेमाला मी कोपऱ्यात गाठलं. "बेटा, वो अंकल मना करेंगे. तुम सुनना मत."

ती घाबरली. "मॅम, गेस्ट ने ना बोला तो हम फोर्स नहीं कर सकते."

"फोर्स नहीं गं, आग्रह!"

"वो क्या होता है, मॅम?"

आता समुद्राच्या मधोमध ह्या पोरीला आग्रह कसा समजावू? मी म्हटलं, "तुम्हारी माँ कैसे खिलाती है तुमको?"

पेमा खुदकन हसली. "डाँट के."

"बस! वैसे ही."

ती आली. ह्या वेळी टोपली न विचारता टेबलावर टेकवली, पाव मोडला, भाऊजींच्या ताटात ठेवला.

"नको बेटा... नहीं, पेट भर गया," भाऊजी म्हणाले.

"कहाँ भरा? मैंने देखा है, आपने कुछ नहीं खाया."

"नहीं नहीं, सच में."

"अंकल, मैंने गरम करवाया है आपके लिए. नहीं खाएँगे तो मुझे बुरा लगेगा." सर गेलं, अंकल आलं. आणि किसणी काढून तिनं चीज सोडलं ते सोडलंच. भाऊजी बस म्हणताहेत, ती किसते आहे. भाऊजींनी हात आडवा धरला. तिनं हात बाजूला सारला! आमच्या भाऊजींचा हात!

भाऊजी तिच्याकडे पाहतच राहिले. मग त्यांनी काटा उचलला.

काय जेवले म्हणता! पास्ता संपला, दुसरा आला, तो संपला. पाव रश्शात बुडवून खाल्ला. दर वेळी कपाळाला हात लावून नको म्हणत होते आणि पेमा दर वेळी त्यांना दटावत होती. नंतर तर तिला असा चेव आला की पलीकडच्या टेबलावरच्या एका डाएटवाल्या बाईंनाही तिनं सोडलं नाही. मी नुसती पाहत होते आणि माझंच पोट भरत होतं. पोराला फोटो पाठवला: बाप, हनुवटीला टोमॅटो, समोर चाटूनपुसून साफ केलेलं ताट. आम्ही जिंकलो होतो, सरळ सरळ जिंकलो होतो.

गोडाचं आलं आणि भाऊजींनी ते संपवलं. पेमा रिकामी ताटं घेऊन गेली. भाऊजींनी तोंड पुसलं, मग डोळे पुसले. लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "शालू गेली तेव्हापासून सगळे माझं ऐकून राहिले. सुनेला नको म्हटलं, ती ताट उचलून घेऊन जाते. मुलाला नको म्हटलं, तो ठीक आहे बाबा म्हणतो. स्वयंपाकवाल्या बाईला नको म्हटलं, तिनं डाळच करणं सोडलं. कोणाचं चुकलं नाही. मीच नको म्हणतो, ते ऐकतात. वर्षभरात आज पहिल्यांदा कोणी ऐकलं नाही माझं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. आमच्या ह्यांच्यासमोर त्यांचं गोड अजून शिल्लक होतं, शेवटी खाऊ म्हणून ठेवलेलं. ह्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा भाऊजींकडे. मग ती बशी हळूच त्यांच्यापुढे सरकवली.

"अरे, नको वसंतराव," भाऊजी म्हणाले. "तुमचं आहे ते."

"तुम्हाला विचारलं कोणी?" आमचे हे म्हणाले. "खा मुकाट्यानं."