पिसांची तात्पुरती अनुपस्थिती

पक्षी उद्यानाच्या डॉक्टरीणबाईंनी सोमवारी सकाळी बुटाचं एक खोकं संचालकसाहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि झाकण उघडलं. आत एक पोपट होता. डोक्यावरची चार हिरवी पिसं सोडली तर अंगाने पार उघडा. चोच इतकी वेडीवाकडी वाढलेली की मिटत नव्हती. साहेबांनी आधी आपला चहा बाजूला घेतला.

"हे काय आहे?"

"पोपट, साहेब."

"पोपट हिरवा असतो," साहेब म्हणाले. खात्यात हयात गेल्यामुळे त्यांना एवढी माहिती होती.

बाईंनी समजावून सांगितलं. हा विषाणू आहे. आधी पिसं जातात, मग चोच, मग पोपट. औषध नाही. पिसांच्या भुकटीतून आणि विष्ठेतून तो पसरतो, झाडाच्या ढोलीत वर्षानुवर्षं टिकतो. आपल्या दाण्यांच्या लोखंडी चौथऱ्यांवर सगळे थवे एकाच ताटात जेवतात, तिथेच लागण होते. उन्हाळ्यात डोंगरातले निळ्या डोक्याचे पोपटही खाली येतात. ते जगात मोजकेच उरलेत. त्यांना लागण झाली तर संपलंच. तेव्हा चौथरे आजच काढायला हवेत.

"चौथऱ्यांचं उद्घाटन मंत्रीमहोदयांनी केलंय," साहेब म्हणाले. "त्यांनी उद्घाटन केलेल्या वस्तूने रोग पसरत नसतो. बाई, त्यांच्यापुढे माझा पोपट करू नका."

तरीही विषय गंभीर असल्याने समिती नेमण्यात आली. समितीने उद्यानात फिरून, सावलीत बसून असा निष्कर्ष काढला की 'रोग' या शब्दाने जनतेत घबराट पसरते. शब्द बदलण्यात आला. यापुढे उद्यानातल्या पोपटांना 'पिसांची तात्पुरती अनुपस्थिती' होती.

अनुपस्थिती वाढत गेली. उघडे पोपट लोकांना दिसू लागले, तेव्हा साहेबांनी चौथऱ्यांशेजारी पाटी लावली: 'दुर्मीळ उन्हाळी पोपट. कृपया प्रेमाने खाऊ घाला.' गर्दी दुप्पट झाली. गर्दीसाठी चौथरेही दुप्पट केले गेले.

घरी बाईंचे सासरे हे सगळं ऐकून लालबुंद होत. निवृत्त माणूस, पाखरांवर भारी जीव. "सूनबाई, या लोकांना काळीज नाही," ते म्हणायचे. "तू माघार घेऊ नकोस. मी आहे तुझ्या पाठीशी."

मग पोपट कमी दिसू लागले. खात्याने तातडीने मोहीम काढली: 'एक पिंजरा उघडा.' लोक घरचे पोपट घेऊन आले आणि फोटो काढत त्यांनी ते चौथऱ्यांवर सोडले. बाई फाटकावर उभ्या राहिल्या. "आधी रक्त तपासू द्या. पिंजऱ्यातल्या पाखरांत हा विषाणू लपलेला असतो."

"स्वातंत्र्याच्या दारात सुया टोचता?" पिंजरा घेऊन आलेल्या एका तरुणीने विचारलं. टाळ्या पडल्या. साहेबांनीही वाजवल्या.

उन्हाळ्यात निळ्या डोक्याचे पोपट खाली आले, चौथऱ्यांवर जेवले आणि परत गेले. पावसाआधी बाई डोंगरात गेल्या तेव्हा एका ढोलीत त्यांना मादी सापडली. डोकं अजून निळं होतं, बाकी अंगावर काही नव्हतं. बाईंनी तिला ओंजळीत घेतलं. तिने बोट चावायचा प्रयत्न केला, पण चोचीचा तुकडा बाईंच्या तळहातावर गळून पडला. थोड्या वेळाने तिची धडधड थांबली. ढोलीतली दोन अंडी गार होती.

बाई तशाच उद्यानात आल्या. त्यांनी पाना घेतला आणि भरदुपारी, भरगर्दीत चौथरे खोलायला सुरुवात केली.

"अहो, मुक्या जिवांच्या तोंडचा घास काढताय!" कोणीतरी ओरडलं. बाई थांबल्या नाहीत. शेवटचा चौथरा आडवा झाला तेव्हा बदलीचा हुकूम घेऊन शिपाई आला होता. बाईंची रवानगी मत्स्य विभागात झाली. माशांना पिसं नसल्याने तिथे अनुपस्थितीचा प्रश्न येणार नव्हता.

उद्यानात दाणे मिळेनात, तेव्हा लोकांनी पाखरांची जबाबदारी स्वतःवर घेतली. घरोघरी गॅलरीत दाण्यांचे वाडगे टांगले गेले.

बाईंनी शेवटचा उपाय म्हणून वाचनालयाच्या सभागृहात व्याख्यान ठेवलं. सभागृह गच्च भरलं. सासरे पहिल्या रांगेत होते. बाईंनी साहेब सांगितले, समिती सांगितली, पाटी सांगितली. लोक पोट धरून हसले. मग पडद्यावर ओंजळीतल्या मादीचा फोटो आला आणि हुंदके ऐकू येऊ लागले. सासऱ्यांनी डोळे पुसले, उठून उभे राहिले आणि म्हणाले, "सूनबाई, त्या नालायकांचं सोड. आम्ही काय करायचं, ते सांग. काहीही सांग."

"वाडगे काढा," बाई म्हणाल्या.

रुमाल खिशात गेले. सगळी चांगली माणसं होती, तुमच्याआमच्यासारखीच. साहेबांना हसलेली, मादीसाठी रडलेली. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपापली गॅलरी आली आणि सकाळी तिथे येऊन बसणारा एक पोपट. आपला पोपट. तो तर अगदी ठणठणीत होता.

सासरे अजून उभेच होते. त्यांनी घसा खाकरला.

"ते सोडून?" त्यांनी विचारलं.