मास्तरांनी निवडलेलं गवत

पोस्टमास्तरांनी अंगणातली हिरवळ काढायचं ठरवलं ते काही निसर्गप्रेमाने नव्हे. रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर हातात पाण्याचा पाइप धरून खांबासारखं उभं राहायचा त्यांना मनापासून वीट आला होता. (निसर्गप्रेम मागाहून आलं, लोकांना सांगायला काहीतरी हवं म्हणून.) त्यातच पेपरात एक लेख आला. आपल्याच माळरानावरची गवतं आणि रानफुलं अंगणात लावा, एकदा मूळ धरलं की पाण्याकडे बघायलाही नको, असं त्यात होतं. 'बघायलाही नको' एवढेच शब्द मास्तरांनी दोनदा वाचले.

"हिरवळ काढाल ती काढाल," बायको म्हणाली, "पण आत्या येईपर्यंत अंगण चार माणसांत बसण्यासारखं झालं पाहिजे. नाहीतर मी सरळ फरशी घालून घेणार. गवंडी माप घेऊन गेलाय."

ही आत्या म्हणजे बायकोला लहानाचं मोठं करणारी बाई, आणि या घरी ती पहिल्यांदाच येणार होती. आणि फरशी म्हणजे उरलेल्या आयुष्यात पावलोपावली 'मी म्हणत नव्हते?' ऐकणं. मास्तरांनी आव्हान स्वीकारलं.

नर्सरीवाल्याने ट्रेमधून रोपं दिली. रोप म्हणजे काय, केसांसारख्या चार काड्या. "सुरुवातीला थोडंसं पाणी घाला," तो म्हणाला, "आणि मधे दुसरं काही उगवलं तर उपटत चला."

या 'उपटत चला'नेच घात केला. बघता बघता अंगणभर इतकं काही उगवलं की आपलं कुठलं आणि परकं कुठलं, काही कळेना. पण मास्तर डगमगले नाहीत. उभी हयात टपाल निवडण्यात गेलेली. पाकीट हातात घेतलं की आत नोटीस आहे की आमंत्रण हे आपल्याला न फोडता कळतं, असं ते स्वतःच सांगत. त्याच नजरेने ते अंगणात उकिडवे बसले. काही झाडं रुंद पानांची, टवटवीत, खात्यापित्या घरची वाटत होती. काही मात्र अजून त्याच मरतुकड्या काड्या. चांगल्या दुकानातून आणलेल्या रोपांच्या अंगावर एव्हाना मांस चढायला नको? मास्तरांनी निकाल दिला आणि काड्या मातीसकट उपटून मागच्या भिंतीवरून पलीकडे फेकल्या.

पलीकडे रिटायर्ड कंपाउंडर राहत. त्यांचं परसू म्हणजे नुसती ओसाड जागा.

"मास्तर, हे पार्सल चुकीच्या पत्त्यावर आलं," त्यांनी भिंतीवरून डोकं काढलं.

"पडू द्या हो. एरवी तरी तुमच्याकडे काय उगवतंय?"

"तुमचा कचरा आहे, तुम्ही घेऊन जा."

हा संवाद रोज सकाळी व्हायचा, आणि काड्या रोज पलीकडे जायच्या.

इकडे रुंद पानांची मंडळी भलतीच नाजूक निघाली. दुपार झाली की माना टाकायची. मग मास्तर संध्याकाळी पाइप घेऊन उभे. पुढे सकाळीही उभे. रविवारी तर दुपारचं झोपणंही गेलं. ज्या पाइपापासून सुटायला हा सगळा खटाटोप केला, तो आता हातातून सुटेना.

"हे बिनपाण्याचं गवत ना?" बायकोने खिडकीतून विचारलं.

"अजून मूळ धरायचंय त्याने."

"त्याचं माहीत नाही, तुम्ही मात्र धरलंय."

मास्तरांनी पाइप दुसऱ्या हातात घेतला. आतून मात्र ते पुरते वैतागले होते. लेख लिहिणारा भेटला असता तर त्यांनी पाइप त्याच्या हातात दिला असता.

आत्या आल्या तेव्हा बाग कमरेएवढी झाली होती आणि तिला बारीक काटेरी फळं धरली होती. आत्या फाटकातून दारापर्यंत आल्या, तेवढ्यात त्यांचे कपडे, पिशवी आणि काखेतल्या उशीचा अभ्रा त्या काट्यांनी भरून गेला. ओळखपाळख, ख्यालीखुशाली सगळं राहिलं बाजूला. तिघंही खाली बसून काटे वेचत होती आणि आत चहाचं गार पाणी झालं.

"जावईबापू, घरी झाडझूड करायला सवड मिळत नाही का?" आत्यांनी मायेने विचारलं.

हात धुवायला म्हणून त्या मागच्या दाराशी गेल्या आणि तिथेच थांबल्या. भिंतीपलीकडे गुडघाभर गवत वाऱ्यावर डुलत होतं. त्याला तांबूस तुरे आले होते, मधे पिवळी-जांभळी फुलं होती आणि एक चिमणी तुऱ्यावर झोके घेत होती. मधोमध खुर्ची टाकून कंपाउंडर पेपर वाचत होते.

"किती सुंदर ठेवलंय हो," आत्या म्हणाल्या. "मेहनत फार असेल."

"छे, छे. पाणी नाही, खत नाही. मास्तर रोज सकाळी भिंतीवरून टाकत होते, ते मी पडू दिलं. मास्तरांचा हातगुणच तसा."

मागोमाग आलेले मास्तर भिंतीशी गेले. भिंतीपलीकडे त्यांची बाग उभी होती आणि अलीकडे, पाणी घालघालून, त्यांनी रान माजवलं होतं.

"ते गवत माझं आहे," ते कसंबसं म्हणाले.

"मी इतके दिवस दुसरं काय सांगत होतो?" कंपाउंडर म्हणाले.

ते खणून परत आणायला म्हणून मास्तर कुदळ घ्यायला वळले.

"खबरदार त्याला हात लावाल तर," बायको म्हणाली.

आत्यांचा पुढचा सगळा मुक्काम कंपाउंडरांच्या परसात झाला. जेवायला आणि झोपायला तेवढ्या इकडे यायच्या. आपली आत्या, आपल्या घरी आलेली, आणि चहा शेजारी पिते, याचं बायकोला फार लागलं.

आत्या गेल्या त्याच दिवशी गवंडी फरशी घेऊन दारात हजर झाला. मास्तर अंगणाच्या मधोमध उभे राहिले. निदान एक कोपरा तरी ठेव, आता आपल्याला गवत ओळखता येतं, असं त्यांनी बायकोला परोपरीने विनवलं.

"ताई, सुरुवात कुठून करू?" गवंड्याने विचारलं.

"हे उभे आहेत तिथून," बायको म्हणाली. "बाकीचं अंगण कुठे पळून जात नाही. इथे मात्र उशीर केलात तर हे तेवढ्यात काहीतरी लावतील."