कायमची, कायमची, कायमची

चूक माझी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. (शेवटी ती माझीच निघते, पण ते शेवटी.)

आमच्या घरात एक साठच्या दशकातली तबकडी आहे. त्यात एक गायिका प्रियकराला सांगते, की मी तुझी आहे, कायमची. हे गाणं म्हणजे बायकोचा जीव की प्राण; माहेरून आणलेलं. पण नेमका ‘कायमची’वर एक चरा आहे. सुई तिथे अडकते आणि बाई ‘कायमची, कायमची, कायमची’ करत बसते. मग मी खुर्चीतून उठायचं आणि सुईच्या दांडीला बोटानं हलकेच ढकलायचं. (‘उठलाच आहात तर’ म्हणून चहाही मीच टाकायचा.) दर रविवारी सकाळी. सव्वीस वर्षं.

चरा कोणी पाडला हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मेहुणी चार दिवस राहायला आली होती, आणि ती गेल्यावर गाणं अडकायला लागलं. यात पुरावा कसला हवा?

मी पंख्यांच्या कारखान्यात तक्रार विभागात आहे. दिवसभर लोकांचे बिघडलेले पंखे ऐकायचे आणि घरी येऊन बिघडलेलं प्रेम ऐकायचं, याला काही अर्थ आहे? लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला हे गाणं एकदा तरी अखंड ऐकवायचंच, असं मी ठरवलं. चार महिने दुकानं पालथी घातली आणि तीच तबकडी कोरी करकरीत मिळवली.

बायको म्हणाली, जुनी चांगली चालत होती की. चालत होती! मेहुणीही आली होती. तिला मुद्दाम समोर बसवलं, म्हटलं, ऐक जरा, न खरवडलेलं गाणं कसं असतं ते.

गाणं सुरू झालं. काय तो आवाज! बायकोनं डोळे मिटले. ‘कायमची’ आलं आणि मी उठलो. म्हणजे मी नाही, माझे पाय उठले. कोणी काही म्हणायच्या आत बोट दांडीला लागलं होतं. सुई खर्रकन सगळ्या तबकडीवरून घसरत गेली.

मी भडकलो. मेहुणीला म्हटलं, ही सवय मला तुझ्यामुळे लागली.

मेहुणीनं कप खाली ठेवला. “ताई, आता तू सांगतेस की मी सांगू?”

बायको शांतपणे म्हणाली, “तो चरा मी पाडला होता. केसातल्या पिनेनं.”

“तू? का?”

“तुम्ही एकदा खुर्चीत बसलात की दाराची बेल वाजली तरी हलत नव्हता. एके दिवशी धुळीनं गाणं अडकलं, तेव्हा मात्र लगेच उठलात. मग म्हटलं, अडकू दे.”

सव्वीस वर्षं! जगाच्या तक्रारी मी नोंदवून घेतो. माझी कोणी घ्यायची? मेहुणीची माफी मागावी लागली ती वेगळीच.

पुढच्या रविवारी कळलं, की नवी तबकडी तीन ठिकाणी अडकते. पहिल्या चऱ्याला मी चहा टाकतो, दुसऱ्याला कप विसळतो, तिसऱ्याला कपडे वाळत घालतो. बायको म्हणते, इतकी उपयोगी भेट मी तिला आयुष्यात कधी दिली नव्हती.