गिअरच्या तेलाची नसाब

पोळा चार दिवसांवर आला आणि हिरासिंगच्या मोटारीचा गिअर खर्रर्र करून ओरडायला लागला. आवाज असा, की गोठ्यातल्या कोंबड्या पंख फडफडवत अंगणात आल्या. चुलीपाशी बसलेली सुखीबाई मान वर न करता म्हणाली, "भुऱ्या-चांद्या कधी असे वरडले नाही बाप्पा."

हिरासिंगला हे चांगलंच झोंबलं. भुऱ्या आणि चांद्या ही बायकोची लाडकी बैलजोडी त्यानं उन्हाळ्यात गावातल्या बबनरावांना विकली होती आणि वणीच्या एका लाकूडवाल्या ठेकेदाराची जुनी मोटार घेतली होती. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडले, आता आपण तोच धंदा मोटारीवर करू, असा त्याचा बेत होता. साल अठ्ठावन्न होतं, मुकुटबनजवळच्या त्या बंजाऱ्यांच्या तांड्यात मोटार कुणी स्वप्नातही पाहिली नव्हती, त्यामुळे सगळा तांडा त्याच्यावर खूश होता. एक सुखीबाई सोडून. ती नवऱ्याशी बोले, मोटारीकडे मात्र बघतही नसे.

"औंदा पोयाच्या तोरनाखाली आपल्या दारचं काय जाईन?" तिनं विचारलं.

"मोटार जाईन."

"जाईन?"

"जाईन म्हंजे? बैलाच्या तोंडात मारन अशी जाईन!"

"गेली, तं मी पुन्हा बैलाचं नाव काढनार नाही. नाही गेली, तं मोटार इका अन् माहे भुऱ्या-चांद्या वापस आना."

"मंजूर," हिरासिंग म्हणाला. दारात त्याचे काका रामलाल सुपारी कातरत बसले होते, त्यामुळे ही अट दुपारपर्यंत तांड्याला आणि संध्याकाळपर्यंत गावाला पाठ झाली.

आता माघार नव्हती. हिरासिंगनं मोटार कशीबशी राजूरला नेली. तिथे कोळशाच्या खाणीवर ट्रक चालवणारे नानाजी त्याच्या ओळखीचे होते. नानाजी मोटारीखाली शिरले, त्यांनी गिअरच्या पेटीत बोट बुडवलं आणि ते बोट हिरासिंगच्या नाकासमोर धरलं.

"हे तेल नाही, काजळ हाये. बदला लवकर."

"कोनतं टाकू जी?"

"एकशेचाळीस नंबर. चांगलं जाडजूड. मी वीस वर्सापासून ट्रकले तेच पाजून राह्यलो. माह्यापाशी एक डबा हाये, घेऊन जा."

हिरासिंग डबा घेऊन निघाला. एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण खात्री करून घ्यायची त्याला खोड होती. वणीत मोटारीच्या सामानाचं एक दुकान होतं, तिथे तो सहज डोकावला.

"एकशेचाळीस?" दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवला. "तुम्ही मोटार चालवता का कोळशाचा ट्रक? हिवाळ्यात सकाळी गिअर हलणार नाही. नव्वद नंबर घ्या. काही लोक या जुन्या गाड्यांत इंजिनचं चाळीस नंबरही टाकतात, पण मी तसं सांगत नाही."

"म्हंजे चाळीस पातळ, नव्वद जाड, अन् एकशेचाळीस लय जाड?"

"तसं नाही. इंजिनचं चाळीस आणि गिअरचं नव्वद जवळजवळ सारखंच जाड असतं."

"सारखंच हाये, तं एकाले चाळीस अन् एकाले नव्वद कायले म्हनता?"

"मोजायची पट्टी वेगळी असते ना!"

हिरासिंग चौथी शिकला होता. चाळीस आणि नव्वद सारखे असतात, हे त्याला मास्तरांनी कधीच सांगितलं नव्हतं. त्यानं आपलं नव्वदचंही एक डबडं घेतलं आणि डोकं धरून घरी आला. मोटारीबरोबर एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, ते त्यानं पेटीतून काढलं. अक्षरं कळली नाहीत तरी आकडे कळत होते. गिअरच्या पेटीचं चित्र सापडलं, त्यातल्या भोकाकडे दाखवणारा बाणही सापडला आणि बाणाच्या शेपटाशी तेलाचा नंबरही होता. पण नेमका तेवढाच भाग कसरीनं खाल्ला होता. शेवटचं शून्य फक्त शिल्लक होतं.

हिरासिंगनं ते शून्य बराच वेळ पाहिलं. चाळीसच्या शेवटी शून्य, नव्वदच्या शेवटी शून्य, एकशेचाळीसच्याही शेवटी शून्यच. त्याला रडू यायचं बाकी राहिलं.

"कायले जीव काढून राह्यला हिऱ्या?" रामलाल काका म्हणाले. "आपल्या गाडीच्या आखाले पिढ्यान् पिढ्या एरंडीचं तेल लावतो. कोन्या आखानं कधी नंबर इचारला? फिरते ते चाक. गाडीचं असो का गिअरचं." आणि त्यांनी बैलगाडीखाली टांगलेलं वंगणाचं नळकांडं सोडून त्याच्या मांडीवर ठेवलं.

आता तेलं तीन झाली आणि अक्कल होती तेवढीही गेली. अशा वेळी तांड्यातला माणूस करतो तेच हिरासिंगनं केलं. त्यानं तांड्याचे मुखिया नायक देवसिंगांना सांगून नसाब बोलावली. नसाब म्हणजे तांड्याची न्यायाची बैठक. भांडण जमिनीचं असो, सोयरिकीचं असो, नसाबीपुढे गेलं की निकाल लागायचाच. आणि निकालाची रीत ठरलेली होती. बैठकीतून कुणीही रुसून घरी जाता कामा नये.

लिंबाखाली मध्ये दोन डबे आणि एक नळकांडं ठेवलं गेलं. नानाजी खास राजूरहून आले. त्यांनी जाड तेलाची बाजू मांडली. नव्वद नंबरची बाजू मांडायला दुकानदार नव्हता, म्हणून ती हिरासिंगनंच मांडली, पण बोलता बोलता त्याला एकशेचाळीसच बरं वाटायला लागलं. रामलाल काकांनी एरंडीच्या तेलाची महती सांगता सांगता आपल्या आजोबांची मीठ लादलेल्या बैलांची सगळी लदेणी पुन्हा एकदा निजामाच्या मुलुखातून फिरवून आणली. कुणी मागे हटेना.

नायकांनी डोळे मिटले, चिलमीचा एक झुरका घेतला आणि निकाल दिला.

"नानाजी पाहुने हायेत, त्यायचं मन मोडता येत नाही. काका वडील हायेत, त्यायचं मोडता येत नाही. अन् हिरासिंगनं डबा इकत आनला, तो वाया जाऊ देता येत नाही. तिघायचं सारखं-सारखं टाका."

"वा!" सगळी बैठक म्हणाली. इतका बिनतक्रार न्याय कैक वर्षांत झाला नव्हता. हिरासिंगच्याही छातीवरचं ओझं उतरलं, कारण आता त्याला काहीच निवडायचं नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यानं जुनं तेल काढलं आणि तिन्ही तेलं पेल्यानं मोजून भरली. काकांच्या नळकांड्यातून तेलाबरोबर आखावरच्या अंबाडीचे चार-दोन धागेही पडले, पण नसाबीचा वाटा म्हणून त्यानं ते बाहेर काढले नाहीत. संध्याकाळी घरोघर बैलांची खांदशेकणी सुरू झाली. पळसाच्या पानानं लोणी-हळद खांद्याला चोळायची आणि उद्याचं जेवणाचं आवतन द्यायचं. सुखीबाई सवयीनं लोण्याची वाटी घेऊन गोठ्यात आली आणि मोटार पाहून थबकली. तिचा चेहरा पाहून हिरासिंगलाही वाईट वाटलं.

"आनलीच हाये, तं हिचीच खांद शेक," तो म्हणाला.

"कुठं हाये खांदा हिचा?"

हिरासिंगनं आधी टपावर हात ठेवला, मग चाकावर, मग काढून घेतला.

"जो वढते त्याचा खांदा शेकतेत," सुखीबाई म्हणाली. "लोखंडाले लोनी नाही भेटत माह्या घरी." वाटी परत शिंक्यात गेली.

पोळ्याला दुपारी हिरासिंगनं मोटारीला झेंडूची माळ घातली आणि हँडल मारलं. इंजिन सुरू झालं. मोटारीचं तोंड गव्हाणीकडे होतं, म्हणून त्यानं आधी मागचा गिअर टाकला. गिअर आवाज न करता पडला. हिरासिंगला केवढा आनंद झाला! मोटार अंगणात आली. त्यानं पहिला गिअर टाकायला दांडा ओढला. दांडा हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला, पायाचा रेटा दिला, तरी हलला नाही.

"मुरू दे थोडं," काका म्हणाले. "नवं वंगन हाये."

मैदानात ढोल वाजत होते. तांडा आणि गाव यांचा पोळा एकत्रच भरे. तीस-चाळीस जोड्या झूल पांघरून तोरणासमोर उभ्या होत्या, आणि दारात सुखीबाई हाताची घडी घालून उभी होती. हिरासिंगनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान मागे वळवून मोटार तशीच सोडली. आख्ख्या रस्त्यानं मोटार उलटी गेली. मान अवघडली, दोन कुंपणं मोडली, पण हिरासिंग तोरणापर्यंत पोचला.

"हे तोंड हाये का शेपूट?" नायकांनी विचारलं.

"शेपूट," हिरासिंग कबूल झाला.

नायकांनी विचार केला. "तोरनाखाली जाईन असं ठरलं होतं. कोन्या बाजूनं, हे कोनी बोललं नोतं. कबूल हाये."

त्याच वेळी ढोलवाल्यानं कानाशी जोरात थाप मारली. हिरासिंग दचकला, त्याचा पाय क्लचवरून निसटला, मोटारीनं एक हिसका दिला आणि बरोबर तोरणाखाली बंद पडली. हँडल मारून मारून त्याचे हात भरून आले, पण ती काही जागी झाली नाही. मागे सगळ्या जोड्या खोळंबल्या. बबनराव भुऱ्या-चांद्याला धरून अगदी पुढेच उभे होते.

"बबनराव, जरा जोडी लावता का हिले?" हिरासिंगच्या तोंडून निघून गेलं.

ढोल थांबले. "आज?" बबनराव म्हणाले. "पोयाच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर वझं देऊ? तुमी शुद्धीवर हाये ना?"

हिरासिंगनं जीभ चावली. ज्याच्या त्याच्या हातात बैलाचा कासरा, मोटार ओढायला धडधाकट मोकळा माणूस कुणीच नव्हता. शेवटी त्यानं दोर पुढच्या लोखंडाला बांधला, खांद्यावर घेतला आणि वाकला. मागून दोन म्हातारे लोटत होते. रामलाल काका आत बसून, सांगितल्याप्रमाणे क्लच दाबून, सवयीनं जिभेचा टकटक आवाज काढत होते. शेजारून, तोरणाखालून जाऊन घरी परतणारे भुऱ्या आणि चांद्या, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, रिकाम्या खांद्यानं आरामात चालले होते. भुऱ्यानं एकदा मान वळवून आपल्या जुन्या मालकाकडे पाहिलं.

दिवे लागायच्या सुमारास मोटार गोठ्यात पोचली आणि हिरासिंग गव्हाणीपाशी मटकन बसला. खांदा सोलवटून लाल झाला होता. सुखीबाई आली. तिच्या हातात वाटी होती आणि पळसाचं पान होतं.

"मोटार पोचली तोरनाखाली," हिरासिंग क्षीण आवाजात म्हणाला. "अट जितली मी."

"जितले," सुखीबाई म्हणाली. "मी बैलाचं नाव नाही काढत. सदरा काढा."

तिनं हळद घातलेलं लोणी त्याच्या खांद्यावर हळूहळू चोळलं. बऱ्याच महिन्यांनी तिचा हात असा पाठीवर फिरत होता. हिरासिंगनं डोळे मिटले. उद्या सकाळी उठून बबनरावांकडे जायचं, हे त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं.

"आवतन काल द्यायले पाह्यजे होतं," पान फिरवता फिरवता सुखीबाई म्हणाली, "पन काल मले कुठं माहीत होतं, आपल्या गोठ्यात अजून एक बैल हाये म्हून. या आता जेवाले."