बेंचावरचं नाव

आमचे फादर आंतोन बेंच बोटांनी वाचत. शाळा सुटली की वर्गावर्गात फिरून एकेका बेंचावर हात फिरवायचे. करकटकानं कोरलेलं नवं नाव बोटाले लागलं, की ओरडायचे, "माणिक, छडी आन गा!"

माणिक म्हणजे मी. मिशनच्या हायस्कुलात चपराशी. दुसरी नापास, पण नागपुरात माझ्यासारखी वेळेवर घंटा कोणी वाजवत नव्हतं, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. फादर बर्फाच्या मुलकातले, मराठी शिकले माझ्यापासून. त्या गोऱ्या तोंडातून "काहून गा, उशीर काहून?" ऐकून पुण्याकडचे इन्स्पेक्टर साहेब हातातला चहा सांडत.

कोरणाऱ्याले तळव्यावर दोन छड्या. माझ्या पोरालेही सूट नाही! "नियम म्हणजे नियम." वरून दर मे महिन्यात सुतार येऊन रंधा मारे. मी उभा राहून नावं साफ करून घ्यायचो.

शाळेले पंचवीस वर्षं झाली, तवा फादरनी शाळेचा इतिहास लिहिला. मी मास्तरकडून दोनदा वाचून घेतला. कौलांची पहिली शेड, विहीर, बेंचाले लाकूड देणारे लकडगंजचे शेठ, सारे होते. घंटेपाशी मीही होतो. फादर कुठंच नव्हते.

"फादर, तुमचं नाव काहून नाही?"

"मी पाहुणा गा. पाहुणा घरावर नाव लिहिते का?"

अख्खी जवानी इथं घातली, अन् म्हणे पाहुणा!

मग त्यांले त्यांच्या मुलकात परत बोलावल्याचं पत्र आलं. शेवटच्या संध्याकाळी मी खिडक्या लावायले गेलो, तर मॅट्रिकच्या वर्गात, मागच्या बेंचावर, फादर वाकून बसलेले. हातात करकटक!

माझ्या हातून चाव्यांचा जुडगा पडला. "फादर! हे काय करून राहिले तुम्ही?"

ते चोरासारखे दचकले. बेंचावर मराठीत अर्धंच नाव: 'आंतो'. लालेलाल झाले. मग उठले अन् तळवा पुढं केला.

"छडी आन गा, माणिक."

एवढ्या वर्षांत त्यांचा हुकूम मी कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला.

"बसा खाली," मी म्हटलं. "हे उथळ झालं. मे महिन्यात रंध्याखाली जाईल. खोल कोरा."

अन् दाराबाहेर पहाऱ्याले उभा राहिलो. फाटक बंद करायची घंटा त्या दिवशी उशिरा झाली. माझ्या साऱ्या नोकरीत तेवढी एकच.