गोविंददादांचा मीटर

गोविंददादा माणसांची तब्येत कधी विचारत नसत, पण मोटारीची रोज बघत. मुरबाडहून शहापूरवरून आटगाव स्टेशनला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीचे ते ड्रायव्हर, मी कंडक्टर. महायुद्ध संपल्यावर लष्करी भंगारातून त्यांनी एक मीटर आणला होता. काळी पेटी, काचेखाली काटा, दोन वायरी. त्या वायरी बॅटरीला, हॉर्नला, दिव्यांना लावून झाल्याशिवाय मोटार हलायची नाही. लख्ख उन्हात दिवे कशाला तपासायचे? तर उत्तर ठरलेलं, "काटा खोटं बोलत नाय."

प्रवाशांच्या शिव्या मात्र मला.

एका सकाळी स्टार्टरने नुसतं 'टक' केलं. मोटार खचाखच भरलेली. लेकाकडे नाचणी घेऊन निघालेली एक आजी ओरडली, "पुढनं हँडल फिरवून चालू करा ना रे! माझी गाडी चुकंल!"

"हँडलनं दुखणं जातं का, आजी? कुठं दुखतंय त्ये आधी कळू दे."

बॅटरी भरलेली निघाली. मग दादांनी एक वायर बॅटरीच्या खुंटीवर टेकवली, दुसरी त्याच खुंटीला आवळलेल्या जाड तारेवर. "दाब रे स्टार्टर!"

मी दाबला. काटा उडाला.

"सापडलं! जोड साफ असता तर काटा हलला नसता. करंट इथंच अडतोय!"

तार सोडली, तर आत हिरवा बुरा. चाकूनं खरवडून आवळली आणि मोटार धडधडली. पण आटगावची गाडी गेली ती गेलीच. पुढची गाडी दुपारची, आमची मोटारही तोवर तिथंच; आजी फलाटावर बसून मला बोल लावत होती.

संध्याकाळी मी तणतणत पहिल्यांदाच दादांच्या घरी गेलो. उद्यापासून एक तर मीटर, नाही तर मी. फाटकातून हाका मारल्या. अंगणात वहिनी पाठमोऱ्या तांदूळ निवडत होत्या. मान वळेना. मी आणखी चिडलो.

तेवढ्यात मागून सरपणाची मोळी घेऊन दादा आले. त्यांनी फाटकाच्या खांबावरचं बटण दाबलं. वहिनींच्या समोर भिंतीवर इवलासा दिवा लागला. त्या वळल्या, हसल्या.

"तिला ऐकू येत नाय," दादा म्हणाले. "मी एकदम पुढ्यात आलो का दचकायची. म्हणून मोटारीची जुनी बॅटरी लावून दिवे बसवले, एक इथं, एक आत चुलीपाशी. शेजारणींनापण सांगितलंय, बटण दाबा म्हणून. दिवसभर एकटीच असते ना." मोळी उतरवत हळूच म्हणाले, "पण कोण येत नाय."

मी सांगायचं ते सांगितलंच नाही. चहा घेऊन निघालो. फाटक ओढून घेतलं आणि उगाचच एकदा बटण दाबलं.

वहिनी पदराला हात पुसत लगबगीनं बाहेर आल्या.