साळिंदर मास्तरांचा तिसरा अंक

एका जंगलात, मुलांनो, एक शाळा होती आणि तिथे साळिंदर मास्तर शिकवत. मास्तरांना वाचनाचा भारी नाद. जेवतानाही एक डोळा पुस्तकात. त्यामुळे भाजी कसली होती, हे त्यांना कधीच सांगता यायचं नाही.

एकदा त्यांनी पारावर बसलेल्या सगळ्यांना छंद विचारला. सगळे म्हणाले, "वाचन."

"वा. अलीकडे काय वाचलंत?"

सगळे आभाळाकडे बघू लागले.

मास्तर खट्टू झाले. मग त्यांनी ठरवलं, नाटक बसवायचं. नाटकात काम करायचं म्हणजे वाचावं तर लागणारच. त्यांनी स्वतःच तीन अंकी शोकांतिका लिहिली. नायक चिंधू ससा, खलनायक रावजी लांडगा.

पण नटमंडळी हुशार. प्रत्येकाने आपापली वाक्यं तेवढी उतरवून घेतली आणि पुस्तक मास्तरांना परत दिलं. तालमीला कोणी उशिरा येई, कोणी चहा पिऊन लवकर जाई. दुसऱ्या अंकापुढे तालीम कधी सरकलीच नाही.

"आणि तिसरा अंक?" मास्तर विचारत.

"तो प्रयोगात आपोआप होतो," रावजी म्हणे. तो जुना हौशी नट होता.

प्रयोगाला सगळं जंगल लोटलं. मास्तर पुस्तक घेऊन विंगेत प्रॉम्प्टिंगला बसले. तिसऱ्या अंकात चिंधूने हात जोडून असं भाषण केलं की हत्तीणबाईंनी सोंडेने डोळे पुसले.

मास्तरांनी पान उलटलं. त्यांच्या अंगावर काटे होतेच, ते उभे राहिले. कंसात त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं : लांडगा सशाला खातो. पडदा.

लिहिताना त्यांना हे वाक्य फार आवडलं होतं. पण समोर लांडगा खराच होता. शिवाय प्रयोगाच्या धास्तीने तो सकाळपासून जेवला नव्हता.

रावजीचं शेवटचं वाक्य संपलं आणि तो अडला. विंगेकडे सरकून हळूच म्हणाला, "मास्तर, पुढं काय आहे?"

लिहिलंय तसंच वाचावं, असं मास्तर पोरांना जन्मभर सांगत आले होते. त्यांनी पुस्तक मिटलं आणि त्यावर बसले.

"काही नाही," ते म्हणाले. "दोघं मिळून नमस्कार करा."

दोघांनी केला. टाळ्या थांबेनात. कोल्होबा समीक्षक म्हणाले, शेवट फार सूचक होता.

दुसऱ्या दिवशी चिंधू मास्तरांकडे आला. त्याचं तोंड उतरलं होतं.

"रागावणार नसाल तर बोलतो, मास्तर. शेवटी माझं काम जरा तोकडं पडतं. तिथं काहीतरी भरीव हवं."

"पुस्तक वाचून बघतोस का?"

"मला कुठला वेळ? रावजींना द्या. ते वाचतील आणि मला करून दाखवतील."

"नको," मास्तर घाईघाईने म्हणाले, "त्यांना वाचनाचा त्रास कशाला?"

तात्पर्य : वाचाल तर वाचाल, हे अगदी खरं. पण पुष्कळदा समोरचा वाचत नाही, म्हणूनच आपण वाचतो.